हुकांना घातलेले पायमोजे

भिंगरीची सायकल गाडीच्या मागे अर्धी निसटून लोंबत होती, जळलेल्या रबराचा वास नाकात जात होता, आणि माझे थोरले दीर गाडीच्या डिकीवरून तळहात फिरवत होते. कुठे ओरखडा उठलाय का ते बघत होते. वाकले, पत्र्यावर तोंडाने वाफ सोडली, शर्टाच्या बाहीने पुसलं, आणि सरळ होत म्हणाले, "वाचली." गाडीबद्दल बोलत होते ते.

मी आधी हेच सांगून टाकते. कारण पहिल्यापासून सांगायला लागले की ऐकणारा मध्येच म्हणतो, "अहो, पण त्यांनी मदतच केली ना?" आणि मग मीच कजाग ठरते, राईचा पर्वत करणारी. तर आधी ते "वाचली" कानात ठेवा. बाकीचं आता सांगते.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, माझ्या पायापाशी एक जादा ब्रेक असतो त्यावर पाय ठेवायचा आणि जीव मुठीत धरून गोड बोलायचं, हे माझं काम. गोड बोलणं मला फार वेळ जमत नाही. मी "ब्रेक!" म्हटलं की शेजारून जाणाऱ्या गाडीतला माणूसही ब्रेक दाबतो, असं आमचे मालक म्हणतात. कौतुकाने म्हणतात की वैतागाने, ते मी कधी विचारलं नाही.

भिंगरी माझी मुलगी. खरं नाव वेगळं, पण चालायला लागली तेव्हापासून एका जागी ठरेना म्हणून हे पडलं, आणि पुढे सायकलच्या शर्यतीत उतरल्यावर इतकं शोभलं की तिचे कोचही तेच म्हणायला लागले. एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघाची निवड एका शर्यतीवर होणार होती. पहिल्या तिघी संघात, बाकीच्या घरी. पुढच्या वर्षी भिंगरीचं वय त्या गटात बसणार नव्हतं, आणि पुढच्या गटात या संघातून आलेल्या मुलींनाच उभं करतात. म्हणजे ही शर्यत गेली की सगळंच गेलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनाही.

दादा म्हणजेच हे थोरले दीर. सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनी शिक्षण सोडलं, कामाला लागले आणि माझ्या नवऱ्याला वाढवलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण ते उपकार आमच्या घरात असे पसरले की पाय ठेवायला जागा उरली नाही. दाराला रंग कोणता लावायचा ते दादा सांगणार. फ्रीज कुठे ठेवायचा तेही दादाच. नवऱ्याने एकदा मिशी ठेवली होती, ती दादांना आवडली नाही, दुसऱ्या दिवशी मिशी गेली. दादा कधी ओरडत नाहीत. मान जराशी तिरकी करतात आणि म्हणतात, "बघ बुवा, तुला पटतंय ना?" झालं. मग नवऱ्याला ते पटेनासंच होतं. गाडी शिकायचीही त्याला फार हौस होती, बायकोच शिकवणारी, काही अडचण नव्हती. दादा म्हणाले, "तुला जमायचं नाही रे, तू घाबरट." तो अजून शेजारच्याच सीटवर बसतो.

एरवी भिंगरीची सायकल क्लबच्या टेम्पोतून जाते, दोन्ही बाजूंनी बांधून, उभी. या वेळी टेम्पो ऐनवेळी बंद पडला आणि कोचनी सगळ्या पालकांना फोन केले, आपापली सोय करा. मी आमच्या मालकांकडे गाडी मागितली. त्यांच्याकडे एक जुनी, पोचे पडलेली मोठी गाडी आहे, तिच्यात सायकल आख्खी मावते. मालक हो म्हणालेही. पण तोवर नवऱ्याने दादांच्या कानावर घातलं होतं आणि दादा फोनवर म्हणाले होते, "घरात नवी गाडी असताना पोरगी कुणाच्या खटाऱ्यातून जाणार? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणाले असते ते मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात काय म्हणाले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आता दादांच्या गाडीबद्दल. पांढरी आहे, आणि घेतल्यापासून सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. बसलं की करकरतं, उन्हात पाठीला चिकटतं. आत काही खायचं नाही. पाणी प्यायचं तर गाडी उभी असताना. आपण दाराला हात लावायच्या आतच दादा "हळू, हळू" म्हणतात. आणि स्टिअरिंगला त्यांच्याशिवाय कुणाचाही हात लागलेला नाही. इतक्या लोकांना मी गाडी चालवायला शिकवली, पण त्या गाडीत माझी जागा मागे, खिडकीशी.

रॅक कोचनी दिला, डिकीवर बसवायचा. त्याचे रबरी पाय पत्र्यावर टेकतात, पट्ट्यांच्या टोकाचे हुक डिकीच्या कडांमध्ये अडकतात, पट्टे ओढले की सगळं घट्ट होतं आणि बाहेर आलेल्या दोन दांड्यांवर सायकल टांगायची. कोचनी भिंगरीला बजावून सांगितलं होतं आणि तिने ते मला संध्याकाळी भाजी चिरताना ऐकवलं, परीक्षेच्या उत्तरासारखं. पत्रा पुसून कोरडा करायचा. रबर थेट पत्र्यावर टेकवायचं, मध्ये काही नको. हुक कडेत पुरता बसलाय ना, ते बोट घालून बघायचं. सायकलचं हँडल बांधायचं, फिरू द्यायचं नाही. चाक सायलेन्सरच्या समोर येता कामा नये, कार्बनची रिम असते, त्या गरम हवेने जाते. आणि थोडं अंतर गेलं की थांबून पट्टे परत ओढायचे, कारण ते सैल होतातच.

यातलं हँडल तेवढं नीट बांधलं गेलं. ते भिंगरीने बांधलं होतं.

सकाळी आम्ही इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जमलो. भिंगरी सायकल धरून उभी होती. फ्रेम कोचची जुनी, बाकी एकेक भाग तिने जमवून जोडलेला, मागचं चाक गेल्या मोसमात बक्षीस मिळालेलं. ते चाक ती झोपायच्या खोलीत ठेवते. दादा घरातून आले ते हातात टॉवेल घेऊन. जाड, मऊ, पाहुण्यांसाठी बाजूला ठेवतात तसले. मला वाटलं, पत्रा पुसायला आणलेत. मनात म्हटलंही, बरा आहे की माणूस.

त्यांनी टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि रॅकच्या एकेका रबरी पायाखाली एकेक घडी सरकवली. मग खिशातून पायमोजे काढले. राखाडी, लोकरीचे. आणि ते हुकांना घातले. शाळेत निघालेल्या लहान मुलाला घालावेत तसे, नीट वर ओढून, सुरकुती काढून.

"मोठे काका," भिंगरी म्हणाली, "कोच म्हणालेत रबर थेट पत्र्यावर हवं. कापडावरून घसरतं."

दादा हसले. "तुझ्या कोचने नवी गाडी घेतलीय का कधी? रंग नाजूक असतो गं. एकदा चरा पडला की पडला."

"मग हुकांचे तरी काढूया ना."

"बघ बुवा," दादा म्हणाले. मान तिरकी झाली. "तुला पटत नसेल तर राहू दे. मी आपला घरी जातो."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, काढा ते मोजे, एवढंच. तेवढ्यात नवऱ्याने माझं कोपर धरलं. जोरात नाही, अलगद, नेहमीसारखं. लग्न झाल्यापासून तो माझं कोपर असंच धरत आलाय. डोळ्यांनी म्हणाला, आत्ता नको, सकाळी सकाळी, एवढी गाडी काढून येतायत. मी मूग गिळले. दादांनी पट्टे ओढले. टॉवेलांमुळे ते छान घट्ट वाटत होते. गादीवर टेकलेल्या पाहुण्यासारखा रॅक ऐसपैस बसला होता.

"हलवून बघ," दादा म्हणाले. भिंगरीने हलवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी जाऊन गाडीत बसले, खिडकीशी, प्लॅस्टिकवर.

मला मागे बसून प्रवास करायची सवय नाही. उजवा पाय सारखा ब्रेक शोधतो. पहिल्याच गतिरोधकावर मी पुढची सीट पायाने इतकी दाबली की नवरा वळून म्हणाला, "काय गं?" मागच्या काचेत सायकल एकदा उडाली आणि परत बसली. जरा खाली बसली.

"मोठे काका, पट्टे बघायला थांबूया?" भिंगरीने विचारलं.

"आत्ताच तर निघालोय."

पेट्रोल पंप आला. तिने परत विचारलं. पंपावर धूळ फार आहे, दादा म्हणाले. मग मोठा रस्ता लागला आणि मी विचारलं. तेव्हा गाडी आत्ता कुठे लयीत आली होती. नवरा म्हणाला, "दादा बघतायत ना आरशात." आरशात काय दिसणार होतं? मी आरशांचंच खाते, मला माहीत आहे त्या आरशात काय दिसतं. टॉवेल दिसत होते.

मी वळून मागच्या काचेतून बघत बसले. निघालो तेव्हा सायकलचं सीट काचेच्या वरच्या कडेला होतं. आता मधोमध आलं होतं. "खाली येतेय ती," मी म्हणाले.

"तुझ्या बसण्यावर आहे ते," दादा म्हणाले. म्हणजे सायकल खाली येत नव्हती. मी वर चालले होते.

मग वास आला. दादा म्हणाले, पुढच्या ट्रकचा आहे, आणि काचा वर केल्या. भिंगरीने माझा हात धरला. "आई," ती म्हणाली, "टायर आहे तो." हे ती कुजबुजली. दादांना वाईट वाटू नये एवढ्या हळू आवाजात. स्वतःचं चाक जळत असताना पोरीने कुजबुजायचं, हे तिला कुणी शिकवलं? आम्हीच शिकवलं. आमच्या घरात दुसरं शिकवतोय काय आम्ही?

"इंडिकेटर द्या," मी म्हणाले.

तो स्कूलमधला आवाज होता. मी ठरवून काढला नाही, तो आपला आपण आला. "आरसा बघा. कडेला घ्या. एकदम दाबायचा नाही ब्रेक. हळू. आणखी हळू. थांबा. हँडब्रेक ओढा."

दादांनी एकेक गोष्ट तशीच केली, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखी. गाडी थांबल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मान तिरकी व्हायला लागली होती. पण मी तोवर बाहेर होते. दार मी जोरात लावलं.

वरचे दोन्ही हुक सुटले होते. एकाचा मोजा अजून डिकीच्या कडेत अडकलेला होता, हुक त्यातून पाय काढावा तसा अलगद निघून गेला होता. रॅक टॉवेलांवरून घसरत बंपरवर आला होता. सायकलचं मागचं चाक बरोब्बर सायलेन्सरच्या तोंडाशी. टायर एका जागी वितळून चिकट झाला होता आणि त्याच्याखालच्या रिमचे पापुद्रे सुटले होते, काळे, फुगलेले. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, ती पट्टी बंपरवर आपटून आपटून आत वाकली होती.

आणि दादा डिकीवर हात फिरवत होते.

"वाचली," ते म्हणाले. "बघितलंस धाकट्या? टॉवेल नसते तर पत्रा पार गेला असता."

भिंगरीने काही ऐकलं नाही. तिने सायकल सोडवली आणि कडेच्या खडीवर मांडीवर घेऊन बसली. फ्रेमच्या एकेका नळीवर नखाने टकटक करत होती आणि कान लावून ऐकत होती. तडा गेला असेल तर आवाज बसका येतो, तिने मला मागे सांगितलं होतं. आम्ही तिघं मोठी माणसं तिच्याभोवती उभी. बाजूने गाड्या जात होत्या.

"फ्रेम शाबूत आहे," ती म्हणाली. मग तिने कोचना फोन केला. माझ्याकडे सरावाचं जुनं चाक आहे, कोच म्हणाले, वेळेत पोचलात तर लावून देतो. पण सायकलींची तपासणी बंद झाली की कुणाच्या बापालाही आत घेत नाहीत.

"सायकल आत घ्या," मी म्हणाले. "मागची सीट पाडा."

"आत?" दादा म्हणाले. "अगं, चेनचं काळं लागेल."

"सीटवर प्लॅस्टिक आहे."

"प्लॅस्टिक फाटेल."

असं म्हणाले. देवाशपथ सांगते, प्लॅस्टिक फाटेल, हेच शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथून बाहेर पडली.

"फाटू दे!" मी ओरडले. "दादा, ते फाडायचंच असतं! गाडी घरी आणल्या दिवशी काढून टाकायचं असतं! पोरीचं वर्ष जळत होतं तुमच्या मागे, धूर आत आला तरी तुम्ही काच वर केलीत. पोरगी थांबा थांबा म्हणत होती. पंपावर धूळ होती म्हणे! आणि खाली उतरल्यावर हात कुठे गेला तुमचा? सांगा ना, कुठे गेला पहिला हात?"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत—"

"मोठे आहात म्हणूनच इतका वेळ गप्प होते. माझ्या शिकाऊ पोराने असं केलं असतं ना, तर कान धरून खाली उतरवलं असतं त्याला."

दादा पांढरे पडले. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. ते नवऱ्याकडे वळले. मान तिरकी. "बघ बुवा, धाकट्या. परत मागेच बांधूया. या वेळी टॉवेल डबल घालतो. तुला पटतंय ना?"

मी कोपर अंगाशी ओढून घेतलं, कारण आता तो हात येणार हे मला ठाऊक होतं. नवरा माझ्याकडे आला नाही. तो गाडीचं मागचं दार उघडून आत वाकला, खिशातून घराची किल्ली काढली, ती प्लॅस्टिकमध्ये खुपसली आणि ओढली. सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फर्र असा जो काही आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो आणि अजून बरं वाटतं. त्याने सगळं सोलून काढलं, बोळा केला आणि दादांच्या हातात दिला.

"हे धर," तो म्हणाला. "आणि गाडीची किल्ली दे."

त्याने हात पुढे केला. दादांनी किल्ली दिली. इतक्या वर्षांत या माणसाने पुढे केलेला हात त्यांनी कधी बघितलाच नव्हता, त्यामुळे नाही कसं म्हणायचं ते त्यांना सुचलं नसावं. नवऱ्याने किल्ली माझ्याकडे दिली. सीट पाडल्यावर पुढच्या दोनच जागा उरत होत्या. "आम्ही बसने येतो," तो म्हणाला. मी गाडी रस्त्यावर घेतली तेव्हा आरशात दोघं भाऊ दिसत होते, दादांच्या हातात प्लॅस्टिक आणि खांद्यावर टॉवेल.

मी कशी चालवली ते विचारू नका. विद्यार्थ्यांना मी तसं करू देत नाही. भिंगरी सबंध वाटभर हात मागे नेऊन फ्रेम धरून बसली होती. तपासणीचं फाटक लावायला माणूस उठला होता तेवढ्यात आम्ही पोचलो. घाईत सायकल काढताना पायडल गाडीच्या दारावर घासलं आणि वीतभर ओरखडा उठला. आत पार पत्र्यापर्यंत. मी तो बघितला. मला गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

कोचनी जुनं चाक लावलं, वाकलेली पट्टी हत्याराने जमेल तेवढी सरळ केली. "पूर्ण सरळ व्हायची नाही," ते म्हणाले. "मोठ्या गिअरवर एकदम जोर लावलास तर चेन उडेल. शेवटी सांभाळून." शेवटी सांभाळून! शेवटी सांभाळून शर्यत जिंकलेलं कुणी बघितलंय का? त्यांनाही ते कळत होतं. ते मान खाली घालून हात पुसत राहिले.

मी शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिले. प्रत्येक फेरीला भिंगरी पुढच्या घोळक्यात होती, वाकलेली, शांत, चेहऱ्यावर काही नाही. शेवटच्या फेरीला वळणावरून चौघी पाचजणी एकदम बाहेर आल्या आणि ती दुसरी होती. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. ती सीटवरून उठली. पूर्ण जोर लावला. आणि चेन उडाली. मला इतक्या लांबून आवाज ऐकू यायचं कारण नाही, पण मी बघितलं, तिचा पाय एकदम रिकामा फिरला, पायरी नसलेल्या जागी पडावा तसा. पुढच्याच क्षणी चेन परत बसली. तो क्षण तिघींना पुरला.

पाचवी.

बाजूचे लोक हळहळले. नशीब, म्हणाले. कुणीतरी मला पाणी दिलं. मला त्या सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं की नशीब वगैरे काही नाही, राखाडी रंगाचे लोकरीचे पायमोजे होते.

दोघं भाऊ बसमधून उतरून चालत आले तेव्हा मैदान निम्मं रिकामं झालं होतं. भिंगरी फुटपाथच्या कडेला बसून बूट सोडत होती. नवऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो काही विचारायला थांबला नाही, तिच्या शेजारी जाऊन खाली बसला. दादा उभेच राहिले. खांद्यावर अजून ते टॉवेल.

"असू दे गं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, मोठे काका," भिंगरी बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला." आवाज तसाच, हळू.

दादांना तेवढ्यात दारावरचा ओरखडा दिसला. त्यांचा हात उठला, पत्र्याकडे निघाला. भिंगरी वर बघत होती. हात मध्येच थांबला आणि खाली आला. कुणी सॉरी म्हणालं नाही. मी तर मुळीच नाही.

परत जाताना चौघं होतो, म्हणजे सायकलीबरोबर आत टाकलेला रॅक परत लावणं आलं. भिंगरीने दादांच्या खांद्यावरून टॉवेल ओढून घेतला आणि डिकी पुसली, कोपऱ्यापर्यंत, कोरडी. "टॉवेल याला लागतो," ती म्हणाली. तिने रबर पत्र्यावर टेकवलं, उघडे हुक कडेत घातले, प्रत्येकाखाली बोट घालून बघितलं. "मोठे काका, हा पट्टा ओढून धरा." दादांनी धरला. हुक कडेत बसताना करकरला. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण पट्टा सोडला नाही. मागचं चाक आम्ही कोचना परत दिलं होतं, त्यामुळे सायलेन्सरसमोर यायला काही उरलंच नव्हतं.

किल्ली माझ्याकडेच होती. कुणी मागितली नाही. भिंगरी माझ्या शेजारी बसली, दोघे भाऊ मागे. उघड्या सीटवर चेनचा लांब काळा डाग पडला होता, दादा त्याच्या बाजूला अंग चोरून बसले. नवरा त्या डागावरच बसला.

थोडं अंतर गेल्यावर मी गाडी कडेला घेतली. पट्टे बघायला. मी काही म्हणायच्या आत दादा उतरले, त्यांच्यामागून नवरा. गाडीत आम्ही दोघीच राहिलो. मागून पट्टे ओढल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता पोर रडेल. रडली तर बरं होईल, जवळ तरी घेता येईल.

"आई," भिंगरी म्हणाली, "रस्त्यावर ओरडलीस तशी पार्किंगमध्ये का नाही ओरडलीस?"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. उत्तर माझ्याकडे तयार होतं. दिवसभर तयार होतं.

"बाबांनी कोपर धरलं होतं माझं."

"कोपर धरलं होतं," ती म्हणाली. "तोंड मोकळं होतं ना?"

हे ती कुजबुजली नाही. चांगलं मोठ्याने म्हणाली. तो माझाच आवाज होता.

मागची दोन्ही दारं उघडली. "घट्ट आहेत सगळे," दादा बसता बसता म्हणाले. "निघूया."

मी इंडिकेटर दिला, आरसा बघितला आणि गाडी रस्त्यावर घेतली. शेजारी मान वळवायची माझी हिंमत झाली नाही.